बेगड, चांदी आणि अभ्रक : घरगुती छायाचित्र-छपाईविषयी थोडे

‘बेगड’ ही मुळात एक निरुपद्रवी वस्तू. कथलाचा किंवा पितळेचा पत्रा कागदाहून पातळ ठोकायचा, त्यावर लाल-हिरवा रंग चढवायचा आणि गणपतीचे मखर, रुखवतातील बाहुल्यांचे मुकुट, मोहरमचे ताबूत अशा ठिकाणी तो चिकटवायचा, एवढेच त्याचे काम. चार दिवस झगमगावे आणि मग उतरून जावे, अशीच त्याच्याकडून अपेक्षा असे. तरीही मराठीने त्या बिचाऱ्यावरून ‘बेगडी’ हे विशेषण घडविले आणि ते खोट्या माणसांना, खोट्या प्रेमाला व खोट्या देशभक्तीला सरसकट लावून टाकले. बेगडाने मात्र आपण सोने आहोत असा दावा कधी केल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

हा शब्द आठवण्याचे कारण असे की, अफजलपूर, आळंद, इंडी, अक्कलकोट या आमच्या टापूतील काही मराठी घरांतून अलीकडे एक नवा उद्योग दिसू लागला आहे. घरच्या संगणकाला छायाचित्रे छापण्याचा यंत्रसरंजाम जोडायचा, वाड्यातील जुन्या तसबिरी उतरवून त्यांची प्रतिमा संगणकात घ्यायची आणि ‘मेटॅलिक पेपर’ नावाच्या चकचकीत कागदावर त्या नव्याने छापून दिवाणखान्यात लावायच्या. मुलाबाळांना जुन्या तसबिरींविषयी आस्था वाटते आहे, याचा आनंद आहेच. पण त्या चकाकीकडे पाहताना आम्हांस एक साधा प्रश्न पडला: या कागदात धातू किती? शोध घेता उत्तर असे मिळाले की, ज्या अर्थाने आपण धातू म्हणतो त्या अर्थाने जवळजवळ मुळीच नाही. आणि ज्या मळकट, पिवळसर, निस्तेज तसबिरी उतरवून माळ्यावर टाकल्या जातात, त्या मात्र साक्षात धातूच्या आहेत. हा उलटा व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. कारण त्यात आपल्या घरांचे बरेच काही पणाला लागले आहे.

प्रथम त्या कागदाविषयी. साध्या छायाचित्री कागदाप्रमाणेच याच्याही पोटात कागद असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांस प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो. वेगळेपण वरच्या थरात आहे. बहुतेक प्रकारांत तेथे अभ्रकाचे अतिसूक्ष्म पापुद्रे घातलेले असतात आणि प्रत्येक पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा लेप असतो. पडलेल्या प्रकाशाचा काही भाग वरच्यावर परततो, काही आत शिरून खालच्या पापुद्र्यांवरून परततो आणि या दोहोंच्या मिश्रणातून मोत्याच्या पाण्यासारखी झाक उठते. मोटारींच्या चमकत्या रंगात आणि स्त्रियांच्या ओठांच्या रंगात हीच युक्ती वापरतात. कोडॅक कंपनीने या शतकाच्या प्रारंभीच्या वर्षांत असा कागद व्यावसायिक छायाचित्रकारांसाठी रूढ केला; पुढे शाई फवारून छापणाऱ्या घरगुती प्रिंटरांसाठीही तसे कागद निघाले. टायटॅनियम हा धातू खरा, पण त्याचे हे संयुग म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते तीच पूड. तेव्हा ‘मेटॅलिक’ हे कागदाच्या घटकांचे वर्णन नसून त्याच्या दिसण्याचे वर्णन आहे, एवढे ध्यानी ठेवावे.

कागदाला झळाळी देण्याची हौस मात्र दख्खनला नवी नाही. विजापूर, गोवळकोंडे आणि पुढे हैदराबाद येथील दरबारांतून जी मानाची पत्रे निघत ती कित्येकदा ‘जरअफशां’ कागदावर, म्हणजे सोन्याच्या वर्खाचे कण शिंपडलेल्या कागदावर लिहिलेली असत. त्यात सोने खरे असे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाचा धंदा शतकानुशतके चालला. विजापुरी चित्रकारांना ‘अबरी’ कागदाचे, म्हणजे ढगांसारख्या रंगलहरी उठविलेल्या कागदाचे भारी आकर्षण होते. गंमत अशी की फारसीतील ‘अब्र’ आणि संस्कृतातील ‘अभ्र’ हे शब्द एकाच कुळातले. दोहोंचा अर्थ ढग. अबरी एकीकडून आली आणि अभ्रक दुसरीकडून, आणि दोन्ही येऊन कागदावरच विसावली. आपल्या कुळकर्ण्यांची दप्तरे तरी काय, मोडी मजकुराची ओली शाई टिपण्यासाठी वाळू टाकीत. जुन्या कागदाची घडी उलगडली की तिचे चकाकते कण आजही बोटांना लागतात. लिहिणाराला त्यात शोभा अभिप्रेत नव्हती, ती आपोआप आली.

छायाचित्रण आमच्या भागात आले ते भीमेच्या पलतीराने. १८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची कृती जाहीर झाली. तिच्यात चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरच चित्र उमटत असे, म्हणजे ते अक्षरशः धातूवरचे चित्र होते. परंतु एका वेळी एकच निघे, त्याची दुसरी प्रत नाही. कागदाच्या निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती काढण्याची टॅलबटची रीत १८४१ सालची. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि तिच्या कारभारात डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी हेही होते. नारायण दाजी स्वतः उत्तम छायाचित्रकार होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनी तर मुंबईत छायाचित्रणाचा व्यवसायच मांडला. म्हणजे ही विद्या जन्मून पंधरा-वीस वर्षे होतात तोच मराठी माणसाच्या हाती आली होती. १८५५ साली मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज याला विजापूर, बदामी, ऐहोळे येथील इमारतींची चित्रे घेण्यास नेमले, त्याच्यामागून डॉ. पिगू याने ते काम चालविले. गोलघुमटाची आणि इब्राहिम रोझ्याची ती चित्रे कागदी निगेटिव्हवर घेतलेली होती. त्यांतील काही १८६६ साली लंडनला निघालेल्या विजापूरच्या वास्तूंवरील ग्रंथात आली. त्या ग्रंथाचा इतिहासविषयक मजकूर लिहिणारा मेडोज टेलर म्हणजे आपल्या सुरपूर संस्थानचा कारभार पाहिलेला गृहस्थ.

पण भीमेच्या एका काठी इंग्रजी होती, दुसऱ्या काठी मोगलाई आणि उत्तरेस अक्कलकोटचे संस्थान. आमच्याकडचे लोक तसबीर काढवून घेऊ लागले ते १८७१ साली मुंबईहून रायचूरपर्यंत लोहमार्ग पुरा झाल्यावर, सोलापूर आणि गुलबर्गा ही गावे हाताशी आली तेव्हा. हैदराबाद राज्यात या कलेला मान मिळाला तो राजा दीनदयाळ यांच्यामुळे. रुडकीस अभियांत्रिकी शिकलेला आणि इंदूरला बांधकाम खात्यात नोकरी केलेला हा गृहस्थ १८८० च्या दशकाच्या मध्यास हैदराबादेस आला. सहाव्या निजामाने त्यांना ‘राजा’ आणि ‘मुसव्विर जंग’ हे किताब दिले. सरकारी नोकरीतला माणूस हौसेपायी कुठवर जाऊ शकतो याचे हे उदाहरण आमच्यासारख्या निवृत्तांना जरा अस्वस्थ करणारे आहे. पडदानशीन स्त्रियांसाठी १८९२ साली त्यांनी हैदराबादेस वेगळा स्टुडिओ काढला, तो एक इंग्रज बाई चालवीत. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हपैकी अडीच हजारांहून अधिक आज दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेल्या आहेत. १९०५ साली ते वारले.

त्या काळची बहुतेक चित्रे ‘अल्ब्युमेन’ कागदावरची. अल्ब्युमेन म्हणजे अंड्यातील पांढरा भाग. तो मिठासह फेसून कागदावर पसरायचा, वाळला की चांदीच्या क्षारात बुडवायचा, निगेटिव्हखाली धरून उन्हात ठेवायचा आणि चित्र उमटले की सोन्याच्या क्षाराच्या पाण्यातून काढायचे. सोन्याचा तो अंश चांदीवर बसला की लालसर रंग जांभळट होई आणि चित्राचे आयुष्य वाढे. पुढे अंडी मागे पडली आणि सरस आला. छायाचित्राच्या कागदावरचा जिलेटिनचा थर म्हणजे जनावरांची हाडे आणि कातडी शिजवून काढलेला शुद्ध सरसच. आमच्या ओळखीच्या एका सोवळ्याच्या घरी देवघरात वडीलधाऱ्यांची अशी एक तसबीर तीन पिढ्या पूजेत आहे. तिच्यावरची तुकतुकी कशाची, हे आम्ही तेथे कधी बोललो नाही. येथे लिहितो, कारण त्या घरचे कोणी या टिपणाचे वाचक असतील तर त्यांनी तसबीर हलवू नये. ज्या वस्तूने आजोबांना सव्वाशे वर्षे टिकवले तिला विटाळ मानण्यात अर्थ नाही.

आता चांदीविषयी, कारण सगळा मुद्दा तेथेच आहे. जुन्या काळ्या-पांढऱ्या चित्रात जे काळे दिसते ते चांदी असते. चांदी आणि काळी? पुष्कळांना हे पटत नाही. परंतु अत्यंत बारीक कणांच्या रूपात चांदी प्रकाश परतवीत नाही, गिळून टाकते. म्हणून ती काळी दिसते. आजोबांच्या मिशा, आजीच्या लुगड्याचा गर्द पट्टा, वाड्याच्या दरवाजातील अंधार, हे सारे धातूचे आहे. किती म्हणाल? ब्रोमाइड कागदावर चौरस मीटरमागे दीड ग्रॅमच्या आसपास चांदी असते, म्हणजे पोस्टकार्डाएवढ्या चित्रात ती गुंजेच्या पाचव्या हिश्शाएवढीसुद्धा भरणार नाही. बिदरच्या कारागिराची करणी नेमकी याच्या उलट. तो जस्तात थोडे तांबे घालून भांडे ओततो, त्यात चांदीची तार वा पत्रा ठोकतो आणि बिदरच्या किल्ल्यातील माती नवसागरात कालवून भांड्यास चोळतो. जस्त काळे पडते, चांदी पांढरीच राहते. बिदरीत चांदी हा उजेड असतो आणि छायाचित्रात ती सावली होते. एकाच धातूची ही दोन रूपे आमच्याच दोन जिल्ह्यांतील घरांत शेजारी-शेजारी मांडलेली सापडतात.

घरी छपाई करणे हेही काही आजचे नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी स्वस्त कॅमेरे निघाल्यावर हौशी माणसे घरीच चित्रे उतरवू लागली. उन्हात आपोआप उमटणारा कागद मिळे. लाकडी चौकटीत खाली कागद, वर निगेटिव्ह, वर काच असे बसवून ती चौकट माळवदावर उन्हात ठेवायची आणि मधूनमधून एक कोपरा उचलून चित्र कितपत आले ते पाहायचे. पापड वाळत घालण्याइतकेच ते सोपे होते, आणि राखणही तशीच करावी लागे. पुढे ‘व्हेलॉक्स’ नावाचा कागद आला. तो १८९३ च्या सुमारास लिओ बेकलंड याने काढला. पुढे बॅकेलाइट शोधून काढणारा तोच हा. या कागदाला ऊन लागत नसे, रात्री गॅसबत्तीच्या उजेडात तो छापता येई. वीज नसलेल्या गावांना ही मोठीच सोय होती.

वीज आल्यानंतरच्या पिढीने न्हाणीघरात काळोखी खोली केली. दाराच्या फटींना घोंगडी, लाल दिवा, तीन ताटल्या, एकीत मेटॉल-हायड्रोक्विनोन, एकीत साधे पाणी आणि तिसरीत हायपो. आमच्या भागातील उन्हाळा या उद्योगाचा वैरी. पारा चाळीसच्या वर गेला म्हणजे कागदावरचा सरस मऊ पडून बोटांना चिकटू लागे. त्यावर इलाज म्हणून हायपोत तुरटी घालीत. दुसरी अडचण पाण्याची. हायपो चित्रातून धुऊन निघेपर्यंत वाहते पाणी लागते, आणि जेथे वैशाखात पिण्याच्या घागरीसाठी रांग तेथे चित्रे धुण्यास कोण पाणी देणार? काही वर्षांत पिवळी पडलेली जी घरगुती चित्रे सापडतात, त्यांतील पुष्कळांचे दुखणे हेच आहे. त्यांत धुणाऱ्याचा आळस थोडा आणि दुष्काळ जास्त. कचेऱ्यांतून आम्ही लोखंडाच्या क्षारांवरचे ‘फेरो’ नकाशे पाहिले. निळ्या पाटीवर पांढऱ्या रेघांचे ते हर्शेलच्या १८४२ सालच्या कृतीचे वंशज. त्यांना हायपो लागत नसे, साध्या पाण्याने धुतले की झाले. उटकमंडच्या सरकारी कारखान्याचा ‘इंदू’ कागद आणि आग्फाचा कागद ही त्या काळची नावे वाचकांस आठवत असतील. उटकमंडचा तो कारखाना १९६० साली स्थापन झाला होता, आता तो बंद पडला आहे.

चकाकी तेव्हाही हवी असे. ती कशी मिळवीत? ओले चित्र क्रोमियमचा मुलामा दिलेल्या आरशासारख्या पत्र्यावर पालथे दाबून वाळवीत. वाळले की ते तड्‌तड् आवाज करीत आपोआप सुटे आणि पत्र्याची सारी गुळगुळीत तकाकी सरसाच्या थरावर उतरलेली असे. यास ‘ग्लेझिंग’ म्हणत. धातू आपले रूप देऊन बाजूला होई, चित्रात राहत नसे.

मग रंग आला आणि येथे गोष्ट बदलली. रंगीत छायाचित्र तयार होताना चांदी केवळ मध्यस्थ असते. रासायनिक क्रियेत रंगद्रव्ये जन्मली की चांदी धुऊन काढली जाते. उरतात ते तीन रंग: निळसर, किरमिजी आणि पिवळा. १९७० आणि १९८० च्या दशकांतील कागदांवर यांपैकी निळसर रंग सर्वांत दुबळा होता. पेटीत अंधारात ठेवला तरी तो विरून जाई. म्हणून त्या काळच्या लग्नांच्या आल्बमांत वधूवरांसह सगळे वऱ्हाड आज लालभडक दिसते. आमच्या परिचयातील एका वाड्यात निजामी अमलातील पणजोबा आपल्या पगडीच्या पीळांसह स्वच्छ उभे आहेत आणि त्यांच्या नातवाचे लग्न मात्र उडून चालले आहे. पणजोबा चांदीचे आहेत आणि नातू रंगांचा.

चांदीला आजार नाही असे नव्हे. जुन्या चित्राच्या गर्द भागात तिरपे धरले असता निळसर आरशासारखी झाक दिसते. हवेतील वायूंनी आणि दमटपणाने चांदीचे कण विरघळून वर सरकतात आणि पृष्ठभागावर पुन्हा धातू होऊन बसतात, त्यामुळे असे होते. म्हणजे सत्तर-ऐंशी वर्षांनी ते चित्र स्वतःच ‘मेटॅलिक’ होते, आणि यात मात्र धातू शंभर नंबरी असतो. घरोघरी बाया ही झाक मळ समजून ओल्या फडक्याने पुसतात. कृपा करून पुसू नये. ती पुसणे म्हणजे चित्रच पुसणे होय.

एवढे समजून घेतल्यावर आम्ही नातीच्या प्रिंटरवर तीन चित्रे त्या मोतिया कागदावर छापून पाहिली. पहिले एका बिदरी सुरईचे. ते पाहून आम्ही थक्क झालो. शाई जेथे पडत नाही तेथे कागदच दिसतो आणि कागद तर मोत्याच्या पाण्याचा. त्यामुळे चांदीची वेलबुट्टी खरोखर कोरून बसवल्यासारखी उठून आली आणि भोवतालचा काळा रंग खोल झाला. या कागदाचा जन्म बिदरीसाठीच झाला असावा असे क्षणभर वाटले. दुसरे चित्र एका जुन्या शालूच्या पदराचे. तेथेही जरीला जरीचे तेज मिळाले, जरा कमीजास्त. तिसरे घरातील वडीलधाऱ्यांचे, साधारण १९२० च्या दशकातील. तेथे मात्र सगळे बिघडले. धुवट धोतर निकेलच्या पत्र्याचे दिसू लागले, उपरण्याच्या मऊ सुरकुत्या धारदार झाल्या आणि पांढऱ्या मिशांना कल्हई केल्यासारखी चमक आली. मूळ चित्रातील कागदाचा उबदार पिवळेपणा थंड पडला. गृहस्थ तेच, पण कोणा शोरूममध्ये उभे असल्यासारखे.

नातीचे म्हणणे पडले की, आजोबा, तुम्हांला सवय नाही म्हणून तसे वाटते. दिवाणखान्यात लावा, आल्यागेल्याचे लक्ष जाईल. लक्ष जाईल हे खरे. पण गाणगापूरला देवळाबाहेरच्या दुकानांत सोनेरी वर्खाच्या पार्श्वभूमीवर दत्ताच्या तसबिरी मांडलेल्या असतात, त्या आम्हांस कधी खटकल्या नाहीत. तंजावरच्या मराठे राजांच्या आश्रयाने जी चित्रशैली वाढली तिच्यात कृष्णाच्या अंगावर खऱ्या सोन्याचा वर्ख आणि काचेचे खडे जडवीत, तेही शोभते. देव तेजाचाच कल्पिलेला असतो. गावच्या कुळकर्णपणाची दगदग सोसून, जमाबंदीच्या उन्हात रापलेल्या माणसाला ते तेज अंगावर घालणे म्हणजे त्याला उसन्या कपड्यांत उभे करणे आहे. हा आमचा ग्रह समजावा. नातीने तो मान्य केलेला नाही.

अभिरुचीचा हा वाद घरातल्या घरात चालू राहील. टिकाऊपणाचा प्रश्न त्याहून निराळा आणि अधिक गंभीर आहे. घरगुती प्रिंटरांत दोन जातींच्या शाया असतात. एक पाण्यात विरघळलेल्या रंगाची. शाईच्या टाकीचे जे स्वस्त यंत्र आज घरोघरी दिसते त्याच्या रंगीत शाया बहुधा याच जातीच्या. दिसायला त्या भडक आणि सुंदर, पण सच्छिद्र चकचकीत कागदावर हवेतील ओझोनने आणि उजेडाने त्या तुलनेने लवकर फिकटतात आणि पाणी लागले तर फुटतात. दुसरी जात घन कणांच्या शायांची. त्या महाग, परंतु पुष्कळ अधिक टिकतात. आपल्या यंत्रात कोणती शाई आहे हे न पाहता जो कागदाच्या चकाकीवर विसंबतो, त्याची फसगत ठरलेली. छापल्यावर निदान एक दिवस चित्र मोकळे वाळू द्यावे, मगच काचेखाली घालावे. काचेला आतून धूसर थर येतो तो घाईमुळे.

आणि चित्र छापून झाले म्हणजे मूळ तसबिरीचे काय होते? येथे आमचे खरे दुखणे आहे. ‘कॉपी झाली ना आता’ म्हणून ती माळ्यावर जाते, तेथून रद्दीत. चौकट कामाची म्हणून ठेवतात, चित्र टाकतात. स्टुडिओ बंद होतात तेव्हा जुन्या फिल्मा चांदी काढण्यासाठी भंगारात विकल्या जातात. काचेच्या निगेटिव्ह खरवडून खिडक्यांना बसविल्याच्याही कथा आहेत. आपल्या घरांतून आधीच पुष्कळ गेले आहे. १९४७-४८ च्या रझाकारी अमदानीत सरहद्दीकाठची अनेक कुटुंबे सोलापूर-अक्कलकोटकडे निघून गेली. बरोबर घेतले ते दागिने आणि वतनाचे कागद. तसबिरी भिंतींवरच राहिल्या. १९५६ साली राज्ये बदलली, तसे कागदपत्रांचे भाषाव्यवहारही बदलले. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला महापूर आला आणि अफजलपूर तालुक्यातील काठची गावे पाण्यात गेली, तेव्हा भिजलेल्या तसबिरी उन्हात वाळत घातलेल्या आम्ही पाहिल्या. सरस फुगून चित्र काचेला चिकटते आणि घाईने ओढले की चेहरा काचेवर राहतो. अशा वेळी काचेसकट स्वच्छ पाण्यात ठेवावे, हळूहळू सुटू द्यावे, आणि चित्राची बाजू वर करून सावलीत वाळवावे. उन्हात नाही.

मूळ चित्र राखण्याचे आणखी एक कारण आहे. संगणकात आपण चित्राची एकच बाजू उतरवतो. पाठ उतरवीत नाही. आमच्या पाहण्यातील पाठींवर काय काय असते! स्टुडिओचा शिक्का उर्दूत आणि इंग्रजीत, कारण राज्याची भाषा उर्दू होती. तारीख कधी फसलीत, कधी शके. आणि नावे मोडीत, घरच्याच कोणी बोरूने किंवा पेन्सिलीने घातलेली. नातवंडांना कन्नड आणि इंग्रजी येते, देवनागरी जेमतेम येते, मोडीचा तर प्रश्नच नाही. समोरून पाहिले तर पागोटे घातलेला एक अनोळखी माणूस दिसतो; पाठीवरून कळते की तो आपल्या खापरपणजोबांचा धाकटा भाऊ आणि चित्र त्याच्या दत्तकविधानाच्या दिवशीचे. हे ज्यांना वाचता येते अशी माणसे आता दर तालुक्यात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. नव्या कागदाची पाठ प्लॅस्टिकची, तिच्यावर पेन्सिल चालत नाही, शाई पुसून जाते.

आम्ही आमच्यापुरती एक रीत ठरविली आहे. मूळ चित्रे चौकटीतून काढून, पुसापुशी न करता, एकेक बटर पेपरात घालून, पुठ्ठ्याच्या पेटीत आडवी ठेवली आहेत. पेटी माळ्यावर नाही, मधल्या घरात आहे. प्रत्येकाच्या दोन्ही बाजू संगणकात घेतल्या. भिंतीसाठीच्या प्रती कापसाच्या जाड, बिनचकाकीच्या कागदावर घन कणांच्या शाईने छापवून घेतल्या. मोतिया कागद संपलेला नाही. बिदरीची आणि शालूंची चित्रे त्यावर चालू आहेत, आणि नातीला त्याच कागदावर हव्या असलेल्या एका तसबिरीची प्रत तिच्या खोलीत लावलेली आहे. प्रत्येक मूळ चित्राबरोबर एक वेगळी चिठ्ठी घातली आहे, मऊ पेन्सिलीने लिहिलेली: नाव, नाते, गाव, साल. एकदा देवनागरीत आणि खाली कन्नड लिपीत. सत्तावीस चित्रांपैकी चोवीस चिठ्ठ्या भरून झाल्या. उरलेल्या तिघांसाठी मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ येत्या अमावास्येनंतर येऊ म्हणाले आहेत.